विकतच्या बॅकलिंक नकोत, नात्यातल्या हव्यात



आपल्यापैकी बरेच जण आता स्वतःची वेबसाईट चालवतात. निबंध, स्वाध्याय मेहनतीने टाकतात, पण गुगलवर ते मुलांना सापडतच नाहीत. मग कोणीतरी म्हणतं, "सर, पैसे द्या, पाचशे बॅकलिंक मिळवून देतो." मीही एकदा दिले. बघतो तर काय, जुगाराच्या साईटवर माझ्या पाठांची लिंक! पालकांनी विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गुगल सुरू केलं, तेव्हा कल्पना साधी होती. दुसऱ्या पानाने दिलेली लिंक म्हणजे एक मत, पण प्रत्येक मताचं वजन सारखं नाही. २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल आणून गुगलने खोट्या लिंकवाल्या साईट मागे ढकलल्या.

म्हणून माझं मत असं, की आपल्या विषयाशी नातं असलेल्याच साईट शोधाव्यात. "चौथी मराठी निबंध" असं शोधा आणि पहिले वीस निकाल उघडून बघा. उपयुक्त साहित्याची यादी कोण देतं, ते वहीत टिपा. यादीतली एखादी लिंक बंद पडली असेल, तर त्यांना नम्रपणे कळवा आणि त्याच विषयावरचा आपला पाठ सुचवा.

लिंक मागण्याआधी स्वतःला एवढंच विचारा: त्या पानावरून आलेल्या मुलाला आपल्याकडे खरंच काही मिळेल का? उत्तर "हो" असेल तरच मागा.

अशा पाच मिळाल्या तरी पुष्कळ. कॉपी करू नका असं आपण मुलांना रोज सांगतो. मग आपणच विकतचे मार्क का घ्यावेत?