जावळ्यांची भाषा

मराठीच्या मास्तरांची मुले बोलायला उशीर करतात, ही बातमी मनोरसारख्या गावात फार दिवस झाकून राहत नाही. आमची मुले तर जावळी. म्हणजे गावाच्या हिशेबाने उशीरही दुप्पट. वास्तविक आम्ही त्या वेळी मनोरला नव्हतो, जर्मनीत स्टुटगार्टला होतो. तरी बातमी मस्तान नाक्यापर्यंत पोचलीच. आईला बाजारात भेटेल तो विचारू लागला, "काय हो, नातवंडे बोलतात का?" आई सांगे, "बोलतात तर! अखंड बोलतात. आपल्याला कळत नाही, एवढेच."

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

आमच्या परदेशगमनाची हकीकत थोडक्यात सांगतो. सौ. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत अभियंता आहे. २०२४ च्या जानेवारीत तिच्या कारखान्याने तिला सोळा महिन्यांसाठी तिकडे धाडले. नवऱ्याची बदली झाली की बायकोने बिऱ्हाड बांधायचे, ही जुनी रीत. आमच्याकडे ते मी बांधले. कॉलेजातून बिनपगारी रजा काढली आणि सव्वादोन वर्षांची दोन मुले सांभाळीत विमानात बसलो. स्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे. या दोघी बहिणी एका आईच्या असतील असे मला कधी वाटले नाही, पण सासुरवाडीच्या गावासारखे त्याचेही काही उणे काढायचे नाही.

मुलांपैकी मुलगी नऊ मिनिटांनी थोरली. आईच्या मते मागून आलेला तो खरा थोरला, म्हणून आमच्या घरात या मुद्द्यावर आजतागायत एकमत नाही. स्टुटगार्टला पोचल्यावर दोघांनी आपापसांत बोलायला जी सुरुवात केली, ती माझ्या अठरा वर्षांच्या भाषाविज्ञानाच्या तासांना पुरून उरली. 'आक्की' म्हणजे आणखी, हे लवकर उमगले. 'बूई' म्हणजे बस, आणि खाली बसणे देखील. सप्टेंबर उजाडल्यावर 'काटी' आली. रस्त्याच्या कडेच्या झाडांखाली काटेरी बोंडे फुटून सुपारीहून थोडी मोठी, पॉलिश केल्यासारखी तपकिरी फळे पडतात, त्यांना जर्मनीत 'कास्टानिए' म्हणतात. ती 'काटी'. 'काटी आक्की!' अशी आरोळी ठोकून दोघे पालापाचोळ्यात घुसत. अर्धे वाक्य जर्मन, अर्धे मराठी, आणि व्याकरण तिसऱ्याच कुठल्या प्रांताचे! आईबापांकडे मात्र बोट दाखवून काम भागवीत. जोडीदाराला सगळे कळत असताना आम्हा परक्यांसाठी शब्द खर्ची घालण्याचे त्यांना कारणच नव्हते.

तिसरा वाढदिवस ऑक्टोबरात होता. तोवर सल्ले देणाऱ्यांची रांग लागली. दसऱ्याच्या सुमारास तिथल्या मराठी मंडळींच्या बैठकीत एका गृहस्थांनी मला बाजूला घेतले. "मास्तर, मराठी बंद करा. घरातही जर्मनच बोला. मुलांच्या डोक्यात तीन-तीन भाषांचा काला झाला आहे." त्याच महिन्याच्या ३ तारखेला केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला होता. दोन हजार वर्षांची परंपरा दिल्लीत मान्य झाली आणि त्याच पंधरवड्यात आमच्या तीन खोल्यांतून तिला बाहेर काढण्याचा ठराव मांडला जात होता. सौ.चेही मन डळमळले. दिवसभर कारखान्यात परक्या भाषेशी झुंजून ती घरी येई, मुले धावत येऊन काहीतरी सांगत, आणि तिला ते कळत नसे. "अहो, निदान एक तरी भाषा धड येऊ दे त्यांना," ती म्हणाली, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

मी मास्तर, दुसरे काय करणार? पुस्तकांकडे धावलो.

अमेरिकेत सॅन दिएगोला ग्रेस आणि व्हर्जिनिया केनेडी या जुळ्या बहिणी होत्या. आई जर्मन, वडील अमेरिकन, आणि सांभाळणारी आजी फक्त जर्मन बोलणारी. आपल्या मुली मंदबुद्धीच्या आहेत, अशीच आईबापांची समजूत होती. त्यामुळे त्यांच्याशी बोलणे, त्यांना चार मुलांत सोडणे फारसे झाले नाही. १९७७ साली सातव्या वर्षी त्या वाचातज्ज्ञांकडे गेल्या, आणि त्यांनी स्वतःची नवी भाषा शोधून काढली आहे म्हणून वर्तमानपत्रांनी गहजब केला. नीट ऐकल्यावर ती भाषा नवी निघाली नाही. कानावर पडलेले इंग्रजी आणि जर्मन, मोडतोड करून अतिशय वेगाने बोललेले, इतकेच होते. मला 'काटी आक्की' आठवले आणि थोडा धीर आला. मग त्या मुलींशी कोणी बोललेच नाही, हे आठवून तो पुन्हा गेला.

कारण खरी मेख तिथेच आहे. जुळी मुले बोलण्यात थोडी मागे राहतात, हे काही गावगप्पांतले सत्य नव्हे. इंग्लंडमधल्या २००३ च्या एका अभ्यासात, तीन वर्षांची जुळी एकेकट्या भावंडांच्या मानाने सरासरी तीन महिने मागे आढळली. त्याचे कारण तीन भाषा नव्हेत. कारण हिशेबाचे आहे. एकाच आईच्या बोलण्याचे दोन वाटे होतात, आणि तेही बहुधा 'चला', 'आटपा', 'नको रे' असे अनेकवचनी. आमच्या घरी दिवसभरात मी एकेका मुलाशी एकेकट्याने किती बोलतो, हे मी एक दिवस मोजले. आंघोळ घालतानाची सहा-सात मिनिटे भरली.

रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया आणि त्यांच्या सहकारी युदोविच यांचे १९५६ चे एक छोटेसे पुस्तक आहे. पाच वर्षांचे दोन जुळे भाऊ आपापसांतच बोलत. त्यांना बालवाडीच्या वेगवेगळ्या गटांत ठेवले, आणि तीन महिन्यांत त्यांच्या बोलण्यात मोठी सुधारणा झाली. हे वाचून मी उठतो न उठतो तोच आमच्या मुलांच्या बालवाडीतल्या बाईंनीही तेच सुचविले: दोघांना दोन गटांत घालू या. जर्मनीत वर्षाच्या मुलाला बालवाडीत जागा मिळण्याचा हक्क २०१३ पासून कायद्याने आहे. दोन जागा मिळवायला आम्ही जे उंबरे झिजविले, त्याची गोष्ट वेगळी. आता त्या दोन जागांमध्ये भिंत उभी राहणार होती.

फोनवर आईला सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, अश्विनीकुमारांना कधी कोणी वेगळे केले आहे का? त्यांच्या नावाच्या महिन्यात हे काय मनात आणलेस?" अश्विनी नक्षत्रावरून आश्विन महिना, आणि ते नक्षत्र त्या जुळ्या देवांचे, तेव्हा तिची विद्वत्ता खोडायला मला जागा नव्हती. मी लवकुशांचा दाखला काढला. बापाच्या घरापासून दूर, परक्या रानात वाढली आणि अयोध्येत येऊन सभेपुढे रामायण गायली! "गायली ना? जोडीने गायली," आई म्हणाली. फोन ठेवला.

तोड काढली ती मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी. तिकडे तिसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास एक ठरावीक तपासणी असते. बाईंनी कान तपासले, खेळ मांडून पाहिले आणि आम्हालाच प्रश्न विचारला, "तुम्ही रागावता कोणत्या भाषेत?" मी म्हटले, मराठीत. "मग बोला त्याच भाषेत. जर्मन बालवाडी शिकवील. आणि रोज एकेकाला वेगवेगळे बाहेर न्या." माझे जर्मन हे तीन वर्षांच्या मुलाचे जर्मन होते. स्वतःच्या खिशात नाही ते मी मुलांना काय देणार होतो? गृहस्थांच्या सल्ल्यातली गोम तिथे होती. मराठी काढून घेतल्यावर घरात जर्मन आली नसती; शांतता आली असती. गट एकच ठेवला, अंथरूण एकच ठेवले. फक्त दुपारचे दोन तास मुले वाटून घेतली. सौ.ने कारखान्यातून लवकर सुटण्याची परवानगी मिळविली. एक तिच्याबरोबर, एक माझ्याबरोबर. दुसऱ्या दिवशी अदलाबदल.

पहिल्या दिवशी धाकटा माझ्या हाताला धरून पाऊण तास एक शब्द बोलला नाही. दर झाडामागे बहीण लपली असेल म्हणून पाहत होता. तिसऱ्या खेपेला थांबला, वर पाहिले आणि म्हणाला, "बाबा, पान पन्नं." मी रस्त्यातच बसलो. अभिजात दर्जाचा आनंद मला त्या दिवशी झाला.

पान तर पडतच होते. पिवळे, तांबूस, विटकरी. इकडे मास्तरांची पंचाईत. आपल्याकडे पानगळ शिशिराची. शरद म्हणजे निवळलेले पाणी आणि कोजागरीचे चांदणे. तिकडच्या 'हेर्ब्स्ट' या ऋतूला शरद म्हणावे तर पाने आड येतात. पण हा शब्द इंग्रजीतल्या 'हार्वेस्ट'चा सख्खा भाऊ. मूळ अर्थ कापणीचा. स्टुटगार्ट शहराच्या आतच डोंगरउतारावर द्राक्षमळे आहेत आणि तिथे तोडणी चाललेली होती. म्हणजे आपली सुगीच की! त्याच दिवसांत मनोरला वैतरणेकाठी भातकापणी चालू असणार. मी मुलांना 'सुगी' हाच शब्द दिला. थोरलीने तो घेतला आणि पाने, द्राक्षे, काटी, थंडीत घालायचा लोकरी टोपा या सर्वांना लावून टाकला.

२७ ऑक्टोबरला घड्याळे एक तास मागे गेली. काल सहा वाजून गेल्यावर मावळलेला सूर्य आज पाचलाच मावळला. आईचा संध्याकाळी सातचा फोन आमच्याकडे साडेतीनला येई तो अडीचला, म्हणजे मुलांच्या ऐन झोपेत येऊ लागला. "सूर्याला विचारून केले का हे?" ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून दिवेलागण, जेवण सारे आटोपून आठ वाजता फोन करू लागली. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. सज्जात कागदी आकाशकंदील टांगला तर शेजारच्या आजीबाईंना वाटले, आम्ही सेंट मार्टिनचा कंदील दहा दिवस आधीच लावला. ११ नोव्हेंबरला तिथे मुले स्वतः केलेले कंदील काठीला लावून अंधारात गाणी म्हणत मिरवितात. आमची दोघेही निघाली. आपला कंदील वर टांगतात आणि यांचा हातात धरतात, हे त्या रात्री धाकट्याने फोनवर आजीला सात-आठ शब्दांत समजावून सांगितले. आजीला त्यातले पाच कळले. तिने ते मला मोजून दाखविले.

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही मनोरला परतलो. आता दोघांचे मराठी भरघाव चालते. पाड्यावरच्या वारली मित्रांचे शब्दही त्यात भराभर येतात आणि मी मधे पडत नाही. 'काटी' लोपली. मात्र आजीच्या डब्यातला लाडू लांबवायचा बेत शिजतो, तेव्हा दोघे एकदम जर्मनमध्ये शिरतात. आई दाराआडून ऐकते. परवा तिने मला हळूच विचारले, "अरे, 'श्नेल' म्हणजे लवकर ना?"

लाडवांचा डबा तिने वरच्या फळीवर ठेवला आहे.