आरएक्सला मातीत उतरवताय?

आरएक्स १०० दारात आली की मालकाला एक किडा हमखास चावतो. हिला मातीत पळवायची! खिशात पगार, कट्ट्यावर सल्लागार आणि मोबाइलवर व्हिडिओ, एवढं जमलं की पुढच्या शनिवारी ब्लॉक लेथवाल्याच्या टेबलावर. अरे, थांबा जरा राव!

आधी गाडी समजून घ्या. ५० मिमीचा बोअर, ५० मिमीचाच स्ट्रोक, ९८ सीसी, ११ बीएचपी आणि गिअर फक्त ४. उत्पादन १९८५ ते १९९६. म्हणजे यातली सगळ्यात ‘तरुण’ गाडीही आता तिशीची. चांगला ओरिजिनल ब्लॉक मिळवायला चपला झिजतात. म्हणून फंडा सोपा आहे. जे उलटं फिरवता येतं ते आधी करा, जे कापावं लागतं ते शेवटी. किंवा करूच नका.

पहिला खर्च इंजिन मूळच्या तब्येतीवर आणण्याचा. कॉम्प्रेशन तपासा आणि क्रँकची ऑइल सील बघा. टू-स्ट्रोकमध्ये मिक्स्चर आधी क्रँककेसमध्ये जातं. सील फाटलं की तिथून फुकटची हवा आत, मिक्स्चर पातळ, आणि एखाद्या चढावर पिस्टन जाम. थ्रॉटल सोडल्यावरही गाडी स्वतःहून रेस होत असेल, तर संशय आधी इथेच घ्यायचा. यात दाखवण्यासारखं काहीच नसतं, म्हणून बहुतेक जण हे टाळतात.

आता खरी गंमत, म्हणजे गिअरिंग. मातीत टॉप स्पीड कोणाला हवाय? हवा असतो पिकअप. समजा पुढच्या चक्रीला १४ दाते आहेत आणि मागच्या स्प्रॉकेटला ३८. गुणोत्तर २.७१. पुढची १३ची केली की ते होतं २.९२. चाकावरचा ओढ साधारण ८ टक्के वाढला, आणि त्याच आरपीएमला जिथे ताशी १०० जायचात तिथे ९३ वर आलात. हाच परिणाम मागून हवा असेल तर ४१ दाते लागतील. पुढचा एक म्हणजे मागचे तीन, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पुढची चक्री स्वस्त आणि अर्ध्या तासाचं काम. पण फार छोटी केलीत तर चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. तेव्हा पुढे एकच दाता कमी करा, उरलेलं मागून.

आणि टायर विसरू नका. मागे २.७५ ऐवजी ३.०० चा टायर घातलात की चाक थोडं मोठं होतं. चक्रीने जे कमावलं त्यातला साधारण पाव हिस्सा टायरने खाल्ला!

मग येतं ते लाडकं ‘चेंबर’. तो टँव-टँव आवाज म्हणजेच पॉवर, असं अनेकांना वाटतं. खरं काम आवाजाचं नाही, लाटेचं. एक्झॉस्टची लाट चेंबरच्या फुगत्या भागात गेली की मागे ओढ निर्माण होते, आणि शेवटच्या कोनावरून परत आली की बाहेर निसटलेलं ताजं मिक्स्चर पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पण पाइपची लांबी ठरलेली, त्यामुळे ही वेळ ठरावीक आरपीएमलाच जुळते. रोड रेसचा आखूड पाइप वरच्या आरपीएमला जागा होतो, आणि चिखलातल्या वळणावरून बाहेर पडताना तुम्ही असता तळाला.

एक्झॉस्ट पोर्ट वर नेण्याचं दुखणंही तेच. पॉवर वर सरकते, पट्टा अरुंद होतो. यामाहाच्या वायझेड १२५ ला हे परवडतं, तिच्याकडे ६ गिअर आहेत. आपल्याकडे ४! दुसऱ्यातून तिसरा टाकला की आरपीएम पट्ट्याखाली आणि गाडी रडायला लागते. शिवाय कापलेलं धातू परत चिकटत नाही. चेंबर घ्यायचंच तर खालच्या-मधल्या आरपीएमसाठी बनवलेलं घ्या, आणि त्याबरोबर मोठा मेन जेट लागेल का ते प्लगच्या रंगावरून ठरवा. कॉफीसारखा तपकिरी म्हणजे ठीक, पांढुरका म्हणजे धोका. त्यात आता पंपावर मिळतं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्याच जेटवर मिक्स्चर आणखी पातळ, आणि आपल्या कार्ब्युरेटरला ते कळायला सेन्सर नाही. एअर फिल्टर काढून फेकणाऱ्यांना तर हात जोडूनच नमस्कार. धूळ थेट बोअरमध्ये!

एक कायद्याची गोष्ट. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाला येतील ते बदल करू देत नाही. चेंबरवाली गाडी टेम्पोत घालून ट्रॅकवर न्या.

तर या महिन्यात फक्त सील आणि पुढची चक्री. नेहमीचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढून बघा. तरी दम लागला तर मागे दोन-तीन दाते वाढवा. आणि जुनी चक्री भंगारात देऊ नका बॉस, सोमवारी हायवेवरून ऑफिसला जायचंय ना?