कोयनेत उणे पाणी

संशोधकाने विज्ञान करावं, प्रोग्रामची धुणीभांडी कंपनीवाल्यांवर सोडावीत, असं एक विद्वान सध्या व्यासपीठांवरून सांगत फिरतात. समीकरणं बरोबर असली की उत्तर बरोबर. प्रोग्राम एका पेपरापुरता, तो तपासत कोण बसणार? अडलंच तर मोठं यंत्र आणा!

आणलं की. पुण्यात आयआयटीएम या हवामानसंस्थेत २०१८ साली चार पेटाफ्लॉप्सचा 'प्रत्युष' महासंगणक आला, २०२४ साली ११.७७ पेटाफ्लॉप्सचा 'अर्का'. पण यंत्र कितीही धावलं तरी प्रोग्राममधली चूक त्याला दिसत नाही.

आता ती बरोबर समीकरणं. कोयना धरणाची क्षमता १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. हा साठा ३२ बिटांच्या साध्या पूर्णांकात ठेवला, तर त्यात सुमारे २१४ कोटींच्या वरचा आकडा मावत नाही. दोन टीएमसीपर्यंत सगळं सुरळीत. तिसरा भरू लागला की आकडा उलटतो आणि तीन टीएमसीला पडद्यावर येतं उणे १२९ कोटी घनफूट! प्रोग्रामची भाषा फोरट्रॅन असेल तर ती बहुधा कुरकुरतही नाही. पाझर तलावावर चालवून पाहिलंत तर चूक सापडायचीही नाही. १९९६ च्या जूनमध्ये एरियान-५ रॉकेट याच जातीच्या चुकीने उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आसपास फुटलं. मोठा आकडा १६ बिटांत कोंबला होता, आणि तोच तुकडा एरियान-४ वर बिनतक्रार चालला होता.

उणे पाणी निदान डोळ्यांत खुपतं. ११,५७४ क्युसेक दिवसभर सोडले की एक टीएमसी होतो. कुठे दिवसाऐवजी बाराच तास मोजले, तर उत्तर निम्मं येतं आणि दिसतं मात्र शहाण्यासारखं. कोयनेचं पाणी कृष्णेतून पोचतं सांगलीत. तिथे आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. गणपती पेठेतल्या दुकानदाराने माल माळ्यावर चढवायचा की नाही, ते त्या पाच फुटांत ठरतं.

'एका पेपरापुरता' प्रोग्राम पुढच्या तीन विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडतो, हे काय त्या विद्वानांना ठाऊक नाही?

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने सांगली बुडते की नाही, हा वादही असाच. मॉडेलचे निष्कर्ष सगळे फडकवतात. प्रोग्राम मागितला की सभेत खोकल्याची साथ येते.

मग करावं काय? आलेलं पाणी, सोडलेलं, वाफ झालेलं आणि साठ्यातला फरक जुळतो का, ही चाचणी प्रत्येक बदलानंतर आपोआप चालावी. तेच गणित चार आणि चारशे प्रोसेसरांवर सोडवून ताडावं. बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक हलतील, फूट हलता कामा नयेत. हे करणाऱ्याचा पगार प्रकल्पाच्या अर्जातच धरावा. सवड नाही म्हणता? पेपर महिनाभर उशिरा द्या.