प्रसूती रजेचा पगार एकट्या मालकावर नको



केंद्राच्या चार श्रमसंहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्यांवरची चर्चा कामाचे तास, ग्रॅच्युइटी आणि पगाराची नवी व्याख्या यांभोवतीच राहिली. प्रसूती रजेविषयी फारसे कुणी बोलले नाही, कारण तिथे मूळ व्यवस्था बदललीच नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे. रजेच्या काळातला पगार देण्याची जबाबदारी त्या बाईच्या मालकाची, ही 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यातली तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेने तशीच पुढे चालवली. 2017 मध्ये पहिल्या दोन मुलांसाठीची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. ती वाढ योग्यच होती आणि त्यातला एक दिवसही कमी होता कामा नये. पण वाढीव 14 आठवड्यांचा खर्चही सरकारने स्वतः न उचलता, सगळ्यांत न वाटता, ज्याने बाईला नोकरी दिली त्याच्याच माथी मारला.

बारा माणसांचे ऑफिस चालवणाऱ्याच्या बाजूने हा हिशेब मांडून पाहावा. महिना 40 हजार पगार असलेली कर्मचारी सहा महिने रजेवर गेली तर 2 लाख 40 हजार रुपये द्यायचे, शिवाय तिच्या जागी बदली माणूस ठेवायचा आणि त्यालाही पगार द्यायचा. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात ही रक्कम दिसतही नाही. छोट्या धंद्यात ती वर्षाचा नफा खाऊ शकते. शेजारच्या गाळ्यात ज्याने सगळे पुरुषच कामाला ठेवले, त्याला मात्र एक पैसाही पडत नाही. मग मुलाखतीत ‘लग्न झालंय का, पुढचा काय विचार’ असे प्रश्न येणार, आणि ‘कळवतो’ म्हणून कधीच न कळवणेही येणार. टीमलीज कंपनीने 2018 मध्ये दहा क्षेत्रांचा अंदाज काढला होता की, या कायद्यामुळे एका वर्षात 11 ते 18 लाख स्त्रियांच्या नोकऱ्या जातील. तो अंदाज होता, मोजणी नव्हे, आणि मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीचा होता. त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा मी धरत नाही. पण धोका खरा आहे. रजेवरून काढून टाकलेली बाई कोर्टात जाऊ शकते. जिला नोकरीच मिळाली नाही तिचे नाव कुठल्याच मस्टरवर नसते.

याला पर्याय आपल्याकडेच आहे. कामगार विम्यात, म्हणजे ईएसआयमध्ये, मालक पगाराच्या 3.25 टक्के आणि कामगार 0.75 टक्के भरतो आणि प्रसूती रजेचा पगार महामंडळ देते. मालकाकडे बायका किती, पुरुष किती, याने त्याचा हप्ता बदलत नाही. मात्र या विम्याची पगारमर्यादा 2017 पासून 21 हजारांवर अडकून पडली आहे. एकाच दुकानात 20 हजारांवर लागलेल्या मुलीची रजा सगळ्यांच्या वर्गणीतून भागते आणि 22 हजारांवर लागलेल्या मुलीची सगळी रक्कम मालकाच्या गल्ल्यातून जाते. या भेदाला मला तरी कोणतेही समर्थन सापडत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2000 सालच्या 183 क्रमांकाच्या करारानेही हा खर्च एकट्या मालकावर न टाकता सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून करावा, असे म्हटले आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. सात आठवड्यांचा पगार मालकाला परत देण्याची योजना 2018 मध्ये दिल्लीत चर्चेत आली होती, ती अमलात आली नाही.

दिल्ली हलत नसेल तर महाराष्ट्राने पुढे व्हावे, तशी परंपरा या राज्याला आहे. आपल्या पगाराच्या स्लिपवर ‘पीटी’ म्हणून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात. तो व्यवसाय कर 1975 मध्ये रोजगार हमी योजनेसाठी बसवला गेला. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या त्या योजनेचा खर्च शहरातल्या नोकरदाराने उचलला. स्वतः कधी कुदळ हातात न धरणाऱ्यांनी तो दिला आणि तो अन्याय आहे असे राज्याने मानले नाही. मूल नसलेल्यांनी किंवा पुरुष कर्मचाऱ्यांनी प्रसूती निधीला पैसे का द्यावेत, या प्रश्नाला माझे उत्तर तेच आहे.

मात्र आहे त्या व्यवसाय करातूनच हा खर्च काढा, असे मी म्हणत नाही. त्याची वर्षाची 2,500 रुपयांची कमाल मर्यादा 1988 पासून राज्यघटनेच्या कलम 276 मध्येच आहे; चौदाव्या वित्त आयोगाने ती 12 हजार करण्याची शिफारस करूनही ती तिथेच आहे. शिवाय मनरेगाच्या जागी आलेल्या डिसेंबर 2025 च्या कायद्याने खर्चाचा 40 टक्के भार राज्यावर टाकला आहे, तेव्हा मजुराच्या वाट्याला हात लावणे चूक ठरेल. दुसरी वाट मोकळी आहे. 1953 च्या कामगार कल्याण निधी कायद्याखाली जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगाराचे 25 रुपये कापले जातात आणि मालक 75 रुपये घालतो. वर्गणी गोळा करणारी यंत्रणा म्हणजे आजच उभी आहे. प्रसूती लाभ हा विषय समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राष्ट्रपतींच्या संमतीने राज्य कायदा करू शकते. ईएसआयबाहेरच्या नोकरदारांसाठी पगाराच्या अर्धा टक्का वर्गणी, मालक आणि कर्मचारी निम्मी-निम्मी, धरली तर सरासरी 30 हजार पगाराच्या हजार माणसांमागे वर्षाला 18 लाख जमतात. तेवढ्यात सहा-सहा महिन्यांच्या दहा रजा पूर्ण पगारी होतात.

उद्योजक म्हणतील, आणखी एक कपात. पण अनिश्चित दोन-अडीच लाखांपेक्षा आपल्या वाट्याचा ठरावीक पाव टक्का कुठल्याही धंद्याला सोसवतो. कॅलिफोर्नियात 2004 पासून कर्मचाऱ्यांच्या वर्गणीतून पगारी कौटुंबिक रजा मिळते; तिथल्या मालकांच्या 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दहापैकी सुमारे नऊ जणांनी नफ्यावर आणि कामावर चांगला परिणाम झाला किंवा काहीच झाला नाही, असे सांगितले. खरी भीती वेगळी आहे. बांधकाम मजुरांच्या उपकराचे हजारो कोटी देशभर वर्षानुवर्षे पडून राहिले, तसेच या निधीचेही होऊ शकते. म्हणून पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही, दरवर्षी जमाखर्च विधिमंडळापुढे येईल आणि मालकाला परतफेड ठरावीक मुदतीत मिळेल, या तीन अटी कायद्यातच हव्यात, नियमांवर सोडू नयेत.

राज्याने 2023 मध्ये महिना 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर माफ केला. वर्षाला 2,500 रुपये वाचले हे चांगलेच, पण नोकरी मिळाली तरच ते वाचणार. कामगारमंत्र्यांनी पुढच्या अधिवेशनात या निधीचे विधेयक आणावे, आणि उद्योजकांच्या व कामगारांच्या संघटनांनी त्यासाठी एकत्र निवेदन द्यावे, अशी माझी विनंती आहे.

— एक वाचक, ठाणे