सात गुणांची चित्रकला

सिद्धेश्वरच्या परिसरांतील सुशिक्षितांस चित्रकलेचें वावडें आहे, असें कोण म्हणेल? इंटरमिजिएटच्या चित्रकला-परीक्षेस मूल बसावें म्हणून केवढी धडपड! तींत ‘अ’ श्रेणी मिळाली कीं दहावीला ७ गुण वाढतात; ‘ब’ला ५, ‘क’ला ३. गुण पदरांत पडले कीं रंगपेटी माळ्यावर जाते, आणि त्याच मुलानें पुढें कलाशाळेचें नांव काढलें तर घरावर सुतकी कळा पसरते.

कां? तर पोट भरत नाहीं. हा आक्षेप क्षुद्र नव्हे. मजसारख्या पगारदार प्राध्यापकानें तो हंसण्यावारी नेऊं नये. पण पोटाचा हिशेब तरी नीट मांडाल कीं नाहीं? लुगड्याची नक्षी, पुस्तकाचें मुखपृष्ठ, औषधाचें वेष्टन, चित्रपटांतला महाल, हीं काय आपोआप उगवतात? गणपतराव म्हात्रे यांनीं १८९६ सालीं ‘मंदिरपथगामिनी’ घडविली ती मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकत असतांना. पुढें शिल्प हाच त्यांचा चरितार्थ झाला.

पूर्णेवरील धरण पाहून मुलगा इंजिनिअर व्हावा असें आम्हांस वाटतें, तें योग्यच. मात्र जवळच औंढ्यास नागनाथाच्या भिंतींवरील मूर्ति पाहून ‘हें कोणीं घडविलें?’ असें त्यानें विचारलें, तर आमचें उत्तर ठरलेलें: ‘जुन्या काळचे लोक.’ त्यांनाही पोटें होतीं, हें आम्हांस सुचत नाहीं.

प्रस्तुत लेखकानेंही आपल्या मुलीची पेटी अशीच माळ्यावर टाकली होती. ती आज बँकेंत आहे, पगार उत्तम. परवां तिनें पेटी मागितली. रंग वाळून खडे झाले होते.