शाल, श्रीफळ आणि सॅलरी स्लिप

एप्रिल उजाडला की ऑफिसातली हवाच बदलते. केआरए, सेल्फ-अप्रेझल, रेटिंग, बेल कर्व्ह... कॅन्टीनमध्ये चहाबरोबर एकच विषय, किती टक्के? कमी मिळाले तर बॉसच्या नावानं शंख, बरे मिळाले तर पार्टी आणि काहीच नाही मिळालं तर त्याच रात्री सीव्ही अपडेट! आता जरा कल्पना करा. यंदा एचआरनं तुम्हाला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं, खांद्यावर शाल घातली, हातात नारळ ठेवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि साहेब म्हणाले, "तुमचं काम फार थोर आहे हो. पगाराचं काय घेऊन बसलात?"

हसू नका. आपल्याकडे एका अख्ख्या प्रोफेशनचं अप्रेझल असंच होतं. ते प्रोफेशन म्हणजे सोशल वर्क.

मुळात घोळ शब्दापासूनच आहे. 'समाजसेवक' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? चौकातला फ्लेक्स. पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची चेन, खाली पंचवीस मित्रांचे पासपोर्ट साइज फोटो आणि 'लाडके समाजसेवक' यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. नाहीतर मग एकदम दुसरं टोक, सर्वस्व सोडून आदिवासी पाड्यावर राहायला गेलेले कुणी थोर डॉक्टर किंवा अनाथांची माय झालेल्या सिंधुताई सपकाळ. सिंधुताईंना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पण लेकरांच्या जेवणासाठी त्या आयुष्यभर गावोगाव भाषणं देत, पदर पसरत फिरल्या, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे मान मिळाला, पैशाची वणवण काही सुटली नाही.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा माणूस असतो, त्याचा ना फ्लेक्स लागतो, ना त्याला पद्म मिळतं. बीएसडब्ल्यू किंवा एमएसडब्ल्यू केलेला, डिग्रीवाला, ट्रेनिंग घेतलेला सोशल वर्कर. हे शिक्षण काही काल-परवाचं फॅड नाही. क्लिफर्ड मॅनशार्ड या अमेरिकी मिशनऱ्यानं मुंबईत नागपाड्याला काम उभं केलं आणि त्यातूनच १९३६ मध्ये देशातली सोशल वर्कची पहिली संस्था सुरू झाली. तीच पुढे टिस म्हणून नावाजली. मुंबईचं निर्मला निकेतन १९५५ चं, पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था १९६३ ची. आपल्या मराठवाड्याच्या कडेला तुळजापूरला टिसचा ग्रामीण कॅम्पस आहे. क्लासरूमबरोबरच फील्डवर्क, रोजचं रेकॉर्डिंग, वर सुपरव्हायझर, असं रीतसर घडवतात या पोरांना. पण डिग्री घेऊन बाहेर पडलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न, "ते ठीक आहे, पण नोकरी कुठे करणार?"

तर ही नोकरी नेमकी काय असते, ते बघायला जरा परभणीला जाऊ. मुंबईहून देवगिरी पकडा, सकाळी परभणी. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं अभिमानानं सांगणारं आणि 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं म्हणत स्वतःवरच हसणारं गाव. कृषी विद्यापीठ आहे, उरूस आहे, २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे. नऊ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार साधारण अठरा लाख छत्तीस हजार माणसं.

आणि एक आकडा. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात वीस ते चोवीस वर्षांच्या तरुणींना लग्नाचं वय विचारलं गेलं. परभणी जिल्ह्यात त्यातल्या ४८ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याची सरासरी बावीसच्या आसपास. परभणीचा आकडा राज्यात सगळ्यात वरचा. दोनपैकी जवळपास एक! तुमच्या डाव्या हाताच्या क्युबिकलमधली मुलगी डोळ्यांपुढे आणा आणि मग हा आकडा पुन्हा वाचा.

'अडाणी लोक, दुसरं काय' म्हणून पान उलटू नका. गंगाखेड, पालम, सोनपेठ या पट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे हजारो माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती मिळते कोयत्यावर. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आईबाप सहा-सहा महिने कारखान्याच्या फडात, मग वयात आलेली पोर घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची? सोबत न्यावी तर पालात राहणं, ना दार ना कडी. गावातली शाळा सातवीला संपते, पुढची दोन-चार मैलांवर. त्यात थोरलीच्या मांडवात धाकटीचंही उरकलं तर एक खर्च वाचतो. आईबाप व्हिलन नसतात. ते त्यांच्या परीनं हिशेब मांडतात आणि हिशेबाचं उत्तर दर वेळी लग्न असंच येतं.

आता समजा, अशा एका लग्नाची खबर कुणीतरी १०९८ वर फोन करून दिली. हा नंबरसुद्धा सोशल वर्कवाल्यांचीच देणगी. १९९६ मध्ये टिसच्या एका प्रकल्पातून तो मुंबईत सुरू झाला, देशभर पसरला आणि २०२३ च्या सुमारास सरकारनं आपल्या हाती घेतला. फोन आला की धावपळ सुरू. जिल्हा बाल संरक्षण कक्षातला माणूस, पोलीस, गावचा ग्रामसेवक (२०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी), अंगणवाडीताई. शाळेतून मुलीच्या जन्मतारखेचा उतारा काढायचा. हळद लागलेल्या घरात शिरायचं. अर्धं गाव अंगावर येतं. "तुम्ही पोसणार का आमची पोर?" हा प्रश्न ठरलेला. कुणा पुढाऱ्याचा फोन येतो, तोही ठरलेला. कायद्यानं अशी मुलगी 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरते, म्हणून तिला बाल कल्याण समितीपुढे नेतात. आईवडील हमीपत्र लिहून देतात. दुसऱ्या दिवशी पेपरात सिंगल कॉलम बातमी, 'बालविवाह रोखला'.

आपल्यासाठी स्टोरी इथे संपते, पण सोशल वर्करची खरी ड्यूटी इथूनच सुरू होते. कारण हमीपत्रानं पोरगी शाळेत जात नाही. गृहचौकशी करून अहवाल लिहायचा. शाळेत पुन्हा नाव घालायचं, एसटीचा पास, वसतिगृहात जागा मिळते का बघायचं. एखादीचे वडील नसले तर बालसंगोपन योजनेचे कागद जमवायचे. त्यात महिन्याला सव्वादोन हजार मिळतात, पण कागद पुरे करता करता घरचे मेटाकुटीला येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या दिवाळीआधी पुन्हा त्या घरी जाऊन बसायचं. कारण तोच फड, तीच उचल आणि तोच हिशेब पुन्हा समोर येणार. नाहीतर शेजारच्या जिल्ह्यातल्या मामाच्या गावी गुपचूप अक्षता पडतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणजे हे काम एका रात्रीच्या रेडचं नाही. चौदा वर्षांची पोर अठराची होईपर्यंत चार वर्षं त्या घरात कुणाची तरी ये-जा राहिली पाहिजे. त्या आईनं जिच्यावर विश्वास टाकला, तीच ताई पुढच्या वर्षीही यायला हवी.

आणि नेमकं इथेच सॅलरी स्लिपचं गणित येतं. केंद्राच्या मिशन वात्सल्यच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका जिल्हा बाल संरक्षण कक्षात सोशल वर्कर किती? दोन. प्रत्यक्ष गावात फिरणारे आउटरीच वर्कर? तेही दोन. जिल्हा अठरा लाखांचा! सोशल वर्करला महिना १८,५३६ रुपये, आउटरीच वर्करला १०,५९२. तेही कंत्राटी. तुमच्या बिल्डिंगमधल्या किती जणांचा कारचा ईएमआय याहून जास्त आहे, जरा मोजा. स्वयंसेवी संस्थेत असाल तर प्रोजेक्ट संपला की नोकरी संपली. मग दोन-तीन वर्षांत कामात तरबेज झालेली मुलगी काय करते? बीएड करते, बँकेची परीक्षा देते, नाहीतर पुण्याला एचआरमध्ये लागते. तिचं काय चुकलं? तिलाही घर आहे, तिच्याही आईला बीपीच्या गोळ्या आहेत.

याला तुमच्या-माझ्या भाषेत अॅट्रिशन म्हणतात. आपल्याकडे अॅट्रिशन झालं की प्रोजेक्ट लांबतो, क्लायंट कटकट करतो. परभणीत अॅट्रिशन झालं की चार वर्षांचा धागा मधेच तुटतो. नवा माणूस येतो, त्याला वाट विचारत गाव शोधावं लागतं आणि तोवर त्या पोरीच्या गळ्यात मंगळसूत्र पडलेलं असू शकतं.

पैशाइतकीच दुसरी गोष्ट, ट्रेनिंग. आपल्याला लीडरशिपपासून टाइम मॅनेजमेंटपर्यंत सगळ्याची वर्कशॉप्स, तीही रिसॉर्टवर. अत्याचार झालेल्या दहा वर्षांच्या मुलीशी काय बोलायचं, कसं बोलायचं, हे काम जिच्या वाट्याला येतं, तिला मात्र वर्षाकाठी एखादी सभागृहातली कार्यशाळा आणि प्रमाणपत्र. असं काही ऐकून घरी गेल्यावर झोप लागत नाही. त्यावर बोलायला अनुभवी सुपरव्हायझर हवा, हे एमएसडब्ल्यूच्या पहिल्याच वर्षात शिकवतात. कॉलेजात तो मिळतो. नोकरीत शोधावा लागतो.

तिसरी गोष्ट, ओळख. डॉक्टरची कौन्सिल आहे, वकिलाची बार कौन्सिल, नर्सची, आर्किटेक्टचीसुद्धा. सोशल वर्करची स्वतंत्र कौन्सिल देशात अजून नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यानं मेडिकल आणि सायकिअॅट्रिक सोशल वर्करना आपल्या यादीत घेतलं, हे एक चांगलं पाऊल. बाकीचे अजून बाहेरच. इंग्लंडमध्ये २००५ पासून 'सोशल वर्कर' या शब्दालाच कायद्याचं संरक्षण आहे. रजिस्ट्रेशन नसताना लोकांना फसवायला तो लावला तर गुन्हा. आपल्याकडे हा नियम आला तर किती चौकांतले फ्लेक्स उतरतील, विचार करा!

गंमत म्हणजे आपला कायदा काही ठिकाणी सोशल वर्करला चक्क बेंचवर बसवतो. बाल न्याय मंडळात मॅजिस्ट्रेटसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यातली किमान एक महिला. आणि नीट रुजवलं तर काय होतं, याचंही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टिसनं महिला व मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला. पोलिसांच्या आवारात प्रशिक्षित सोशल वर्कर! घरी मार खाऊन आलेल्या बाईला खाकीच्या आधी एक समजून घेणारा चेहरा दिसावा, ही साधी आयडिया. २००५ मध्ये राज्य सरकारनं ती आपलीशी केली आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. प्रयोग टिकला, कारण ठराविक जागा, ठराविक काम आणि मागे शिकवणारी संस्था होती. नुसता त्याग असता तर तो १९८५ लाच दमला असता.

"बरं, पण यात आम्ही काय करणार?" तुम्ही बरंच काही करू शकता. कंपनी कायदा २०१३ नं ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर खर्च करायला लावले. कायद्यात कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य आहे, त्यामुळे जिथे कंपन्या तिथे पैसा. परभणीसारख्या जिल्ह्याच्या वाट्याला साहजिकच कमी. पण तुमच्या ऑफिसात परभणी, हिंगोली, नांदेडची पोरं किती आहेत? त्यांनी मिळून सीएसआर कमिटीकडे एक मेल टाकायला काय हरकत आहे?

आणि त्या मेलमध्ये एक ओळ नक्की लिहा. सीएसआरवाल्यांना दप्तरं वाटायला, भिंती रंगवायला, मोठा चेक धरून फोटो काढायला आवडतं. पगाराचं नाव काढलं की 'ओव्हरहेड' म्हणून नाक मुरडतात. पण नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर. प्रकल्प प्रत्यक्ष राबवायला लागणारा खर्च त्यात धरत नाहीत. गावात जाणाऱ्या ताईचा पगार हा ओव्हरहेड नाही, तोच प्रकल्प आहे. तेव्हा एका वर्षाच्या दप्तरांऐवजी चार वर्षांचा एक पगार मागा, पीएफसकट. महिन्याला पाचशे-हजार देणगी देत असाल, तर संस्थेला 'किती मुलांना जेवण?' याबरोबर 'तुमचे कार्यकर्ते किती वर्षं टिकतात?' हेही विचारा. आणि काही नाही जमलं, तर निदान एमएसडब्ल्यू करणाऱ्या मावसबहिणीला लग्नात गाठून "पण नोकरी कुठे करणार?" एवढं तरी विचारू नका.

मार्चच्या तिसऱ्या मंगळवारी जगभर सोशल वर्क दिन असतो. त्या दिवशी सत्कार होतील, भाषणं होतील, 'दीपस्तंभ' वगैरे शब्द येतील. होऊ द्या. शाल थंडीत उपयोगी पडते, नारळाची चटणी होते. पण एप्रिलमध्ये तुमचं लेटर हातात पडेल तेव्हा गंगाखेडच्या एसटीत खिडकीशी बसलेल्या त्या ताईचा करार रिन्यू झाला की नाही, एवढा प्रश्न मनात येऊ द्या. तिचा झाला, तर एखाद्या पोरीची दहावी होईल.