मीठ म्हणजे कचरा नव्हे!

मंडळी, आज जरा भांडायचंय. मास स्पेक्ट्रोमेट्रीत एक सल्ला हमखास मिळतो: मीठ काढा, डेटा साफ करा. आम्ही कोडवालेही लॉगमधल्या 'नको त्या' ओळी अशाच उडवतो, आणि मग बग सापडत नाही म्हणून बोंबलतो.

मान्य, प्रोटॉनच्या जागी सोडियम बसला की वस्तुमान सुमारे 22 डाल्टनने वाढतं, आलेखातली शिखरं पसरतात. म्हणून तर उडून जाणारं अमोनियम ॲसिटेट वापरतात. पण म्हणून चिकटलेला प्रत्येक आयन कचरा?

मिशिगन विद्यापीठातल्या ब्रँडन रुओटोलो यांच्या गटाने 2011 आणि 2012 साली वेगळंच दाखवलं. यंत्राच्या निर्वातात प्रथिनाभोवतीचं पाणी जातं, वर वायूच्या रेणूंच्या धडका बसतात, आणि घडी उलगडू लागते. अशा वेळी काही ऋण आयन उष्णता घेऊन स्वतः सुटतात. घाम उडाला की अंग गार होतं ना, तसंच. मॅग्नेशियम, कॅल्शियमसारखे धन आयन मात्र हटत नाहीत. एकाच वेळी अनेक ठिकाणी धरून घडी बांधून ठेवतात. आणि हॉफमाइस्टरची 1888 सालची, पाण्यातली क्रमवारी इथे जशीच्या तशी चालत नाही!

औषध चिकटल्यावर प्रथिन किती तग धरतं, हेही अशा उलगडण्यावरून ताडतात. तिथे आयनांचा हिशेब ठेवला नाही, तर मिठाचं श्रेय औषधाला जायचं.

साफसफाई जरूर करा हो. फक्त फेकण्याआधी हातात काय आहे ते बघा.